गरोदरपणातली साखर 'गेली' म्हणणाऱ्या आया-सासवांना खुलं पत्र

प्रति,
ज्यांच्या घरी लेक किंवा सून बाळंतपणाला आली आहे किंवा येणार आहे, अशा सर्व आया, सासवा, आज्या, मावश्या आणि आत्या यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या लेकीला किंवा सुनेला लिहायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मधुमेह तिला झाला होता, पथ्य तिनं पाळायचं आहे, चालायला तिनं जायचं आहे. पण मी मिरजेत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि बाळंतिणीच्या ताटात काय पडतं हे बाळंतीण ठरवत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. ती कधी झोपते, उंबरठ्याबाहेर कधी पडते, पाणी किती पिते, हेसुद्धा ती ठरवत नाही. ते तुम्ही ठरवता. मायेनं ठरवता, अनुभवानं ठरवता, आणि तुमच्याशिवाय तिचं बाळंतपण निभायचंही नाही. म्हणून पत्र तुम्हाला.

आठवून बघा. सहाव्या-सातव्या महिन्यात तिला ते गोड पाणी प्यायला दिलं, दोन तासांनी रक्त घेतलं आणि आकडा १४० च्या वर आला. 'शुगर निघाली' म्हटल्यावर घर हादरलं. पुढचे तीन महिने तुम्ही जे केलंत त्याला तोड नाही. चहातली साखर बंद झाली, भात वाटीनं मोजला गेला, सणावाराची पुरणपोळी तिच्यासमोर कुणी खाल्ली नाही. काहींनी इन्सुलिनची सुई टोचायला शिकून घेतलं. एका आजींनी नातसुनेच्या साखरेचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले होते, तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाला लागून. उपाशीपोटीचा आकडा वर, जेवणानंतरचा खाली. ते कॅलेंडर त्या मला दाखवायला पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. बाळाच्या जन्मतारखेभोवती लाल गोल होता. त्यापुढच्या चौकोनांत फक्त दूध.

मला बोलायचंय ते त्या पुढच्या चौकोनांबद्दल.

झालं असं की पोटात बाळाला पोसणारी वार पडली आणि साखर उतरली. यात आश्चर्य काही नाही. गरोदरपणात वारेतून जी संप्रेरकं (हार्मोन्स) सुटतात, ती आईच्या शरीरातल्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवून हा भार पेलतं. जिला तेवढं जमत नाही तिची साखर वाढते. वार बाहेर आली की भार उतरतो आणि बऱ्याच जणींचे आकडे एक-दोन दिवसांत जागेवर येतात. डॉक्टर इन्सुलिन बंद करतात, घरात पेढे येतात, आणि 'गेली एकदाची साखर' असं सगळे म्हणतात. पण भार उतरला म्हणून स्वादुपिंड धडधाकट झालं असं नाही. त्याची ताकद कुठवर आहे, हे त्या तीन महिन्यांनी आपल्याला आगाऊ दाखवून दिलं. जिला गरोदरपणात मधुमेह झाला, तिला पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर आयांच्या सातपट ते दहापट असतो, असं हजारो बायकांच्या नोंदी एकत्र करून पाहिलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. आणि हे म्हातारपणी वगैरे नाही. पहिल्या पाच-दहा वर्षांतच बरंच काही घडून जातं, म्हणजे ते बाळ शाळेत जात असतानाच.

"आमची पोरगी तर काटकुळी आहे, तिला कसला मधुमेह?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तयार असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला कमी भरतात, पण अंगात चरबी मात्र त्या मानानं जास्त घेऊन जन्मतात, असं त्यातून पुढं आलं. वरून बारीक, आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. म्हणूनच आपल्याकडे उंचीच्या मानानं वजन सांगणारा निर्देशांक (बीएमआय) २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर गेला की धोका मानतात. साडीच्या निऱ्यांखाली तो घेर कुणाला दिसत नाही, एवढंच.

आता एक गोष्ट सांगते, जी वाचून मी स्वतः गप्प झाले होते. अमेरिकेत २००२ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढंच. त्यातल्या ज्या बायकांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह झाला होता, त्यांच्यात या बदलामुळे मधुमेहाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. केवढी आशेची गोष्ट! मग भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेत सोळाशेहून अधिक बायकांवर असाच प्रयोग झाला. नुकत्याच बाळंत झालेल्या बायका होत्या. त्यांना एकत्र बसवून शिकवलं, फोनवर संदेश पाठवले. २०२२ साली निकाल आला: शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या बायकांत सांगण्यासारखा फरक नाही. साधारण सव्वा वर्षात दोन्हीकडच्या एक चतुर्थांश बायकांची साखरेची स्थिती आधीपेक्षा बिघडली होती. मध्ये करोना आला, त्यानंही घोळ झाला, हे मान्य. पण अमेरिकेतल्या त्या बायकांच्या बाळंतपणाला सरासरी बारा वर्षं होऊन गेली होती, हेही लक्षात घ्या. त्यांचे हात मोकळे होते. आपल्याकडच्या बाईच्या मांडीवर पोर होतं, आणि काय खायचं, कधी बाहेर पडायचं याची किल्ली दुसऱ्याच कुणाच्या कमरेला होती. तिला एकटीला शिकवून काय होणार? मी माझ्या खोलीत तिला अर्धा तास समजावते, ती मान डोलावते, आणि दारात तुम्ही उभ्या असता, हातात डबा.

तर त्या डब्याकडे येऊ.

डिंकाचे लाडू. मी त्यांच्या विरोधात नाही, माझ्या आईनं केलेले आठवले तरी तोंडाला पाणी सुटतं. पण एकदा प्रमाण मांडून बघू. घरोघरी थोडं कमी-जास्त असेल, तरी साधारण अर्धा किलो सुकं खोबरं, अर्धा किलो खारकेची पूड, पाव किलो डिंक, पाऊण किलो गूळ, अर्धा किलो तूप, वर बदाम-खसखस पाव किलो. या सगळ्याचे पन्नास ग्रॅमचे लाडू वळले तर एकेका लाडवात तीन चमच्यांच्या आसपास गूळ जातो, खारकेची साखर वेगळी, आणि एका लाडवातून सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी मिळतात. म्हणजे दीड भाकरी. सकाळी चहाबरोबर दोन लाडू म्हणजे तीन भाकऱ्या झाल्या, आणि तिची न्याहारी अजून व्हायचीच आहे. मग अकराला अळिवाची खीर, दुपारी तूप-भात, चारला पुन्हा एक लाडू कारण 'तेवढ्यानं काय होतंय', रात्री खसखशीची खीर झोप लागावी म्हणून. बाळाला पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. तिची भूक खोटी नाही. पण त्या सहाशेतल्या पाचशे सकाळच्या दोन लाडवांतच संपल्या, आणि त्यातून प्रथिनं मिळाली जेमतेम.

आणि गूळ म्हणजे औषध, हा समज तेवढा सोडा. मी कोल्हापूरच्या शेजारची, गुळाचा अभिमान मलाही आहे. पण रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ आणि साखर सख्ख्या बहिणी आहेत.

लाडू बंद करा असं म्हणत नाही. लिंबाएवढा वळा, मोठ्या पेरूएवढा नको. गूळ बांधण्यापुरता घ्या, खारीक निम्मी करा, तीळ, बदाम आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट वाढवा. दिवसाला एक. मेथी लाडवातूनच पोटात जावी असं काही नाही. मेथ्या भिजवून, मोड आणून उसळ होते, पालेभाजी तर आहेच. अळिवात लोह चांगलं असतं. त्याला खिरीची बिलकूल गरज नाही. चमचाभर भिजवून ताकात किंवा लिंबाच्या पाण्यात घाला, थालीपिठाच्या पिठात मळा. शेपू, लसूण, बाळंतशोपा, ओवा, सुंठ, तुमच्या आज्यांनी दिलेलं यातलं काही माझ्या मते काढून टाकण्यासारखं नाही. जे वाढलंय ते गूळ-तुपाचं माप. एकेकाळी बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत बाई विहिरीवर पाणी शेंदायला जात होती, दळण दळत होती. आता ती तीन महिने पलंगावर, आणि लाडू मात्र तितकेच, किंबहुना जास्त, कारण पूर्वी तूप परवडत कुठं होतं?

दुधाचं म्हणाल तर, दूध तुपानं येत नाही. बाळ वारंवार आणि नीट ओढतं तेव्हा येतं, आईला पुरेसं पाणी आणि अन्न मिळतं तेव्हा टिकतं. 'पाणी पिऊ नको, पोट सुटेल' असं सांगून तहानलेल्या पोरीच्या हातातला तांब्या काढून घेणाऱ्या बायका आजही आहेत. कृपा करून ते थांबवा. पाजणं मात्र जरूर धरून ठेवा, वरचं दूध घाईनं चालू करू नका. कॅलिफोर्नियात गरोदरपणातला मधुमेह झालेल्या सुमारे हजार बायकांना बाळंतपणानंतर दोन वर्षं पाहिलं, तेव्हा ज्यांनी जास्त महिने आणि वरचं न देता पाजलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. बाळासाठी म्हणून तुम्ही जे करायला सांगता, ते तिच्यासाठीही आहे, एवढं तिला कानात सांगा. रात्री तीनला उठून पाजताना तिला बरं वाटेल.

मग तिला वाढायचं काय? तुमच्या घरात जे शिजतं तेच, फक्त ताटाची वाटणी बदलून. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. पाव ताट डाळ, उसळ, अंडी, मासे, पनीर यांपैकी जे चालत असेल ते. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात, दोन्ही नको. ज्वारी, बाजरी, नाचणी, जी हाताशी असेल ती भाकरी चालेल. मेतकूट-मऊभात पहिले काही दिवस ठीक आहे, पण महिनाभर तेच ताटात असेल तर तिची साखर वर-खाली होतच राहणार. "उसळ खाल्ली तर बाळाला गॅस होतो" ही भीती बाळगू नका. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. मुगाची, मटकीची, मसुरीची उसळ रोज एक वाटी गेलीच पाहिजे. नाचणीचं सत्त्व द्या, पण त्यात तीन चमचे साखर ढवळून नव्हे. ताकातली आंबील करा.

खरी फसगत होते ती रात्री. पाजून झालं की पोटात आग पडते, आणि उशाशी काय असतं? बिस्किटाचा पुडा नाहीतर खारी-टोस्ट. त्याजागी एका डब्यात फुटाणे, दाणे, भाजलेले मखाणे भरून ठेवा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि तुमच्याशिवाय ते कुणी करणार नाही. भेटायला येणाऱ्यांनाही एकदाच स्पष्ट सांगून टाका: पेढे-बर्फी नको, फळं आणा. रागावतील चार जण. रागावू द्या.

आता चालणं.

'वारं लागेल', 'अंगावर येईल', 'सव्वा महिना बाहेर नाही'. सव्वा महिन्याच्या विश्रांतीमागचं शहाणपण मी नाकारत नाही. बाईला चुलीपासून, शेतापासून, नवऱ्यापासूनही सक्तीची सुट्टी मिळायची ती त्यामुळेच. पण विश्रांती म्हणजे पडून राहणं नव्हे. साधी प्रसूती असेल तर काही दिवसांतच घरातल्या घरात, अंगणात, गच्चीवर सावकाश फेऱ्या चालतात. सिझर झालं असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवायचं, जड उचलणं आणि पोटाचे व्यायाम मात्र त्यांनी हो म्हटल्याशिवाय नाहीत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी त्या जेवणाची साखर कमी चढते, कारण पायाचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. दीड-दोन महिन्यांनंतर आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं हे लक्ष्य ठेवावं. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग.

हा अर्धा तास तिच्याकडे नाही. तो तुम्ही तिला द्यायचा आहे. बाळाला मांडीवर घेऊन, "जा, फिरून ये, मी आहे" असं तुम्ही म्हणाल तेव्हाच ती चप्पल घालेल. आणि ती परत आल्यावर "बाळ रडत होतं हो सगळा वेळ" असं म्हणू नका, बाळ रडलं असलं तरी. एवढ्या एका वाक्यानं उद्याचं चालणं बंद पडतं. मी पाहिलंय.

इथं बाळाच्या वडिलांसाठी दोन ओळी, कारण हे पत्र तुमच्या खांद्यावरून ते वाचत असतील. संध्याकाळी घरी आलात की मूल घ्या, मोबाइल ठेवा. शक्य असेल तर तिच्याबरोबर चाला. मधुमेह टाळण्यासाठी तिनं जे खायचंय तेच तुम्हीही खायचंय. घरात एकीचं पथ्याचं ताट आणि बाकीच्यांचं मेजवानीचं, असं दोन महिन्यांवर कुठंच टिकत नाही.

झोपेचं मी लांबवत नाही. तुटक झोपेनं भूक वाढते, गोडावर मन जातं आणि साखर ताब्यात ठेवणं अवघड होतं. सकाळी मालिशवाली बाई येते, बाळाला न्हाऊ-माखू घालून धुरी दिली की बाळ दोन तास गाढ झोपतं. त्या दोन तासांत तिलाही झोपू द्या. नेमकं तेव्हाच भेटायला येणारी मंडळी दारात उभी राहतात. त्यांना चहा तुम्ही पाजा आणि वाटेला लावा. आणि ती सतत रडत असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला 'नखरे' म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. मनानं खचलेली बाई स्वतःच्या ताटाकडे बघत नाही.

वजनाची घाई नको. पाजत्या आईला उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही, कुठलाही चूर्ण-काढा-शेक विकत आणायचा नाही. महिन्याला एखाद-दुसरा किलो उतरला तरी पुष्कळ आहे. सत्तर किलोची बाई असेल तर पाच किलोनं फरक पडतो, आणि तो वर्षभरात उतरला तरी चालेल.

तिसऱ्या महिन्यात लेक सासरी निघते. बाळंतविडा तयार होतो. झबली-टोपरी, दुपटी, अंगाईचं खेळणं, चांदीचा वाळा, तिच्यासाठी साडी, जावयाला कपडे, आणि अर्थात लाडवांचा मोठा डबा. त्या सामानात एक गोष्ट हमखास नसते: तिची फाइल. ती कुठल्या तरी कपाटात, नाहीतर दवाखान्यातच राहून जाते. सासरच्या गावी नवे डॉक्टर, त्यांना तिला गरोदरपणात साखर होती हे माहीत नाही, तीही सांगायला विसरते, कारण सगळे म्हणाले होते की 'गेली'. एक विहीणबाई दुसऱ्या विहीणबाईंना 'आमच्याकडं असताना साखर निघाली होती' हे सांगायला संकोचते, हेही मी ओळखून आहे. मुलीत खोट काढतील ही भीती. पण यात तिची चूक काही नाही आणि तुमचीही नाही. वारेनं जो भार टाकला, तो तिच्या शरीराला पेलला नाही, इतकंच. सासवांना माझी विनंती उलट बाजूनं आहे: तुम्हीच विचारा. "फाइल आणलीस ना ग?" एवढं विचारलंत तरी पुढच्या माणसाचा जीव भांड्यात पडतो.

ही फाइल दुसऱ्या खेपेला फार उपयोगी पडते. एकदा झालेला हा मधुमेह पुढच्या गरोदरपणात परत येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून मध्ये पुरेसं अंतर ठेवावं, त्यासाठी तांबी वगैरे काय सोयीचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं, दिवस राहण्याआधीच साखर तपासावी, आणि राहिल्यावर पहिल्याच भेटीत 'मला मागच्या वेळी होती' हे सांगावं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा साखर वाढलेली असणं बाळाला महागात पडतं. आपल्या देशात १० मार्च हा गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या, ज्यांनी सगळ्याच गरोदर बायकांची साखर तपासायला हवी हा आग्रह आयुष्यभर धरला, त्यांचा तो जन्मदिवस. त्यांच्या पिढीनं गरोदर बाईची तपासणी घराघरात पोचवली. बाळंतिणीची तपासणी मात्र वाटेतच राहिली आहे, आणि ती पोचवणं तुमच्याच हातात आहे.

ती तपासणी अशी. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची साखर पुन्हा बघायची. बोटाला टोचून मशीनवर बघितली की झालं, असं नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही चाचणीही यावेळी भरवशाची नसते, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, अंगात रक्त कमी असतं, आणि त्यानं तो आकडा फसवतो. उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी परत रक्त द्यायचं. दोन तासांचा आकडा १४० च्या आत असेल तर उत्तम, तरीही दरवर्षी एकदा तपासत राहायचं, बाळाचा वाढदिवस आला की तपासणी असं ठरवून टाकायचं. १४० ते १९९ मध्ये असेल तर ती उंबरठ्यावर आहे. वर लिहिलेलं सगळं तिच्यासाठी दुपटीनं लागू, आणि डॉक्टर कदाचित गोळीही देतील, त्याला नाही म्हणू नका. २०० किंवा त्यावर, अथवा उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा त्यावर आला तर मधुमेह आहे असं धरून लगेच डॉक्टरांकडे जायचं. लवकर कळलेला मधुमेह ताब्यात ठेवता येतो.

ही तपासणी का राहून जाते, तेही मला माहीत आहे. प्रसूतीचे डॉक्टर म्हणतात फिजिशियनला दाखवा, फिजिशियनकडे न्यायला कुणाला वेळ नाही, बाईला स्वतःला काही दुखत-खुपत नाही. पण नेमक्या त्याच सहाव्या आठवड्यात तुम्ही एक काम न चुकता करता: बाळाची दीड महिन्याची लस. पाऊस असो, घरात लग्न असो, ती लस चुकत नाही. बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला आशाताईही घरी येतात. त्यांना विचारा, जवळच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी कुठल्या वारी, किती वाजता होते, आणि लसीचा दिवस त्याच्याशी जुळवा. आदल्या रात्री दहानंतर तिला पाण्याशिवाय काही देऊ नका. सकाळी लवकर निघा, आधी तिचं रक्त, मग ग्लुकोज, मग त्या दोन तासांत बाळाची लस आणि बाळाला पाजणं. पाजायला काही हरकत नसते. तेवढ्या वेळात तिला काही खायला मात्र देऊ नका, कितीही कळवळा आला तरी. दुसरं रक्त झालं की डब्यातून थालीपीठ आणि दही काढा. आणि तिची फाइल बरोबर घ्या; बाळाचं लसीचं कार्ड तर तुम्ही घेणारच आहात.

आपली,
मिरजेची एक आहारतज्ज्ञ